क्युरेटर व्हायला नागपूर सोडावंच का लागावं?

‘‘मॅडम, पोरगी मुंबईले चित्रं लावून राहिली म्हणते. दुसऱ्याची चित्रं. अन् त्याचा पगार भेटते तिले. हे कोणतं काम होय हो?’’

नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत गणपतीच्या आधीची धांदल होती. मूर्तिकाराच्या घरची ती बाई बोलता बोलता तणसाच्या सांगाड्याला सुतळी आवळत होती, आणि ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांची मुलगी शाळेत माझ्या चित्रकलेच्या वर्गात होती. पुढे तिनं नागपुरातच चित्रकलेची पदवी घेतली, दोन वर्षं इथंच काम शोधलं, आणि आता ती मुंबईत एका कलासंस्थेत सहायक क्युरेटर आहे. मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं. म्हटलं, मंडळात एक माणूस असतो ना? तो आधी येऊन मूर्ती ठरवतो. मंडपात ती कुठं बसेल, उजेड कुठून यावा, गाडीतून कशी न्यायची, पाणी गळलं तर काय करायचं, देखाव्याची पाटी कोण लिहिणार, विसर्जनापर्यंत सांभाळणार कोण, हे सगळं तो बघतो. तसं काम.

‘‘तो त फुकटच करते,’’ त्या म्हणाल्या.

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, कारण अख्खा प्रश्न त्यात आला. नागपुरात प्रदर्शनं होतात, चित्रं लागतात, फित कापली जाते. पण त्यामागचं काम कुणाच्या तरी हौसेवर, सुट्टीच्या दिवशी, शाल-श्रीफळाच्या बदल्यात होतं. म्हणून ते अर्धवट राहतं, आणि ज्यांना ते नीट करता आलं असतं ती मुलं मुंबईच्या गाडीत बसतात. क्युरेटर हे पोटापाण्याचं आणि जबाबदारीचं काम आहे, हे या शहरानं मान्य करावं. त्यासाठी पद निर्माण करावं, मानधन ठरवावं, आणि हे पुढचं कलादालन बांधायच्या आधी करावं, असं माझं म्हणणं आहे.

घोळ शब्दापासूनच आहे. सरकारी वस्तुसंग्रहालयांत ‘अभिरक्षक’ हे पद जुनं आहे. शब्द चांगला आहे, त्यात रक्षण आहे. पण तो ऐकला की डोळ्यांपुढं किल्ल्यांचा जुडगा आणि नोंदवही येते. आजच्या कलेच्या क्युरेटरला नोंदवही ठेवावी लागतेच, शिवाय त्याच्यासमोर जिवंत चित्रकार असतो. त्याच्याशी वर्ष-वर्ष बोलावं लागतं, त्याच्या घरी ढिगाखाली पडलेली कामं उपसून पाहावी लागतात. कोणतं काम कोणत्या कामाशेजारी लावलं तर दोन्ही बोलू लागतील, हे ठरवावं लागतं. मग संग्रहकाकडून चित्र उसनं मागायचं, त्याचा करार करायचा, विमा उतरवायचा. पेटी उघडताना चित्राच्या प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढून त्याची स्थिती लिहून ठेवायची, म्हणजे परत जाताना ओरखडा कुठं पडला यावर वाद होत नाही. भिंतीवरचा मजकूर लिहायचा. पाहणाऱ्याला सोबत घेऊन फिरायचं. आणि हे सगळं ठरलेल्या पैशांत बसवायचं.

यातलं रक्षण किती अवघड आहे, हे मी एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका सभागृहात एका तरुण चित्रकाराच्या कागदावरच्या कामांचं प्रदर्शन मी मांडलं होतं. मे महिना होता. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या पुढं आणि हवा कोरडीठाक. लोकांना बसवेना म्हणून आयोजकांनी दोन मोठे कूलर लावले, आणि मला हायसं वाटलं. कूलरनं खोली थंड होते तशी ओलीही होते, आणि बंद सभागृहात ती ओल जायला वाट नसते. दुसऱ्या दिवशी कागदांना पोट आलं. तिसऱ्या दिवशी शाईतलं एक मोठं काम काचेला चिकटलं. चौकटीत काच आणि कागद यांच्यामध्ये पट्टी घालून जागा सोडायची असते, हे चौकटवाल्याला मी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. काम सोडवताना काळ्या शाईचा थर काचेवर राहिला. त्या चित्रकारानं मला एक शब्द बोलला नाही. ते न बोलणं मला आजही टोचतं.

कागदावरच्या कामावर उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आत ठेवतात, हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर ठेवतात, या गोष्टी मी नंतर शिकले. त्या कुठल्याही संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी कळतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय १९५२ पासून शिकवला जातो. म्हणजे ज्ञान देशात सत्तर वर्षांपासून आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात, कूलरच्या शहरात, ते कसं वापरायचं हे जाणणारं माणूस मात्र नागपुरातच राहणारं हवं. मुंबईच्या दमट हवेतून दोन दिवसांसाठी आलेल्या तज्ज्ञाला ही ओल कळणार नाही.

आता कुणी म्हणेल, चित्र चांगलं असेल तर ते स्वतःच बोलतं, मधल्या माणसाची गरज काय? मी त्यांना चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं उदाहरण देते. गायतोंडेंचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, आणि तो नागपूरचा. पुढचं आयुष्य मुंबईत आणि दिल्लीत गेलं. वर्षाला मोजकीच चित्रं करणारा, प्रसिद्धीकडं पाठ फिरवलेला हा माणूस २००१ मध्ये गेला, तेव्हा त्याची चित्रं जगभर विखुरलेली होती. ती एकत्र आणली संधिनी पोद्दार या क्युरेटरनं. आशिया, युरोप आणि अमेरिकेतल्या तीस संग्रहांमधून पंचेचाळीस कामं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ऑक्टोबर २०१४ मध्ये लागली. एकेका मालकाला पत्र लिहायचं, चित्र खरं की खोटं ते तपासायचं, तारखा जुळवायच्या, आणि मग त्या पंचेचाळीस कामांतून एका माणसाची विचार करण्याची रीत उलगडून दाखवायची. हे काम चित्र स्वतःहून करू शकत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी गायतोंडेंचं एक चित्र मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं, आणि वर्तमानपत्रांत बातमी झाली ती त्या आकड्याची. चित्रात काय आहे हे सांगायला मात्र क्युरेटरच लागला.

दुसरे रझा. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. मुंबईच्या जे. जे.ला जाण्याआधी १९३९ ते १९४३ ही चार वर्षं ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात २०२३ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. नागपुरातला एक तरुण विद्यार्थी इथून काय घेऊन गेला, कुणाकडं शिकला, कोणत्या रस्त्यानं शाळेत जायचा, यावर या शहरात एक नीट अभ्यासलेलं प्रदर्शन व्हायला हवं. त्यासाठी कोट्यवधींची मूळ चित्रं आणायची गरज नाही. जुने फोटो, नोंदी, पत्रं आणि दोन वर्षं पगार मिळणारा एक अभ्यासू माणूस पुरेल.

दिल्लीत १९५४ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं, तेव्हा हर्मन गोएट्झ या जर्मन कला-इतिहासकारांना पहिले क्युरेटर म्हणून नेमलं गेलं. त्याआधी ते बडोद्याच्या संग्रहालयात होते. नव्या देशाकडं तेव्हा पैसा थोडा होता, तरी इमारतीबरोबर माणूस हवा हे कुणाला तरी कळलं होतं. आपल्याकडं अंदाजपत्रकात ग्रॅनाइटची फरशी असते, वातानुकूलन असतं, उद्घाटनाचा मंडप असतो. माणसाच्या नावाचा रकाना नसतो.

आणि इमारत नसली तरी क्युरेटर अडत नाही, हेही सांगायला हवं. स्वतंत्र क्युरेटर हा पेशा ज्याच्यापासून सुरू झाला असं मानतात, त्या स्विस हाराल्ड झेमाननं १९६९ मध्ये बर्नच्या कलादालनात एक प्रदर्शन केलं. चित्रकारांनी तिथंच येऊन काम करायचं होतं. एकानं तर बाहेरचा फुटपाथ लोखंडी गोळ्यानं फोडला. शहरात गदारोळ झाला आणि झेमाननं पद सोडलं. तीनच वर्षांनी जर्मनीतलं डॉक्युमेंटा हे जगातलं एक मोठं प्रदर्शन त्यानं केलं. पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते त्याचं १९७४ मधलं काम. त्याचे आजोबा केशकर्तनकार होते. त्यांच्या अवजारांचं, केसांच्या टोपांचं, कागदपत्रांचं प्रदर्शन त्यानं बर्नमधल्या एका साध्या घरात मांडलं. नागपूरच्या महाल भागातल्या कितीतरी वाड्यांत अशी एक खोली बंद पडून आहे. इतवारीतल्या जुन्या सराफाच्या पेढीवर, गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर, विणकर मोहल्ल्यातल्या मागाजवळ असं प्रदर्शन होऊ शकतं. त्यासाठी वस्तूकडं बघण्याची शिस्त लागते, आणि ती शिस्त शिकावी लागते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती, म्हणजे कागद-बांबूचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, तेव्हा तर मला हे फारच प्रकर्षानं जाणवतं. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबत बडगे असतात. त्या त्या वर्षी लोकांना जे सलतं त्याचा पुतळा होतो. महागाई, भ्रष्टाचार, पेपरफुटी, कुणी पुढारी. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत हजारो माणसं इतवारी-महालातून चालतात आणि शेवटी सगळं जाळतात. मोठ्या शहरांतल्या कलामेळ्यांत ज्याला मांडणशिल्प म्हणतात, प्रयोगकला म्हणतात, लोकसहभाग म्हणतात, ते सगळं या मिरवणुकीत आहे, आणि ते करणाऱ्यांनी कधी कुणाच्या अनुदानाची वाट पाहिली नाही. एवढ्या वर्षांचा हा राग, ही थट्टा, हे कागद-बांबूचं कसब. त्याची वर्षवार नोंद कुठं आहे? कोणत्या साली कोणता बडगा होता, कुणी बांधला, घोषणा कोणत्या होत्या? वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत तुकडे सापडतात, आणि काही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत.

इथं क्युरेटरची खरी परीक्षा आहे. जी वस्तू जाळण्यासाठीच बनते, तिचं काय करायचं? उचलून वातानुकूलित दालनात ठेवली की ती मेली. मारबत काचेआड ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पण बांधणाऱ्याचं नाव, बांबू चिरण्याची त्याची पद्धत, त्या सालच्या घोषणा, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं त्यांच्या तोंडची हकिगत, हे सगळं जपता येतं. ते त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच संमतीनं, वर्षातून चार दिवस मांडता येतं. हा निर्णय घ्यायला गाव माहीत असावं लागतं. कोणाला आधी विचारायचं, कोणाच्या घरी आधी चहा प्यायचा, हे माहीत असावं लागतं.

बाहेरच्या माणसाची नजरही लागते, हे मी नाकारत नाही. जगदीश स्वामीनाथन चित्रकार होते. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात रूपंकर हे कलासंग्रहालय उभारताना त्यांनी तरुण चित्रकारांना आदिवासी गावांत पाठवलं. मंडला भागातल्या पाटनगढमध्ये त्यांना जनगढ सिंह श्याम भेटला, भिंतीवर चित्रं काढणारा गोंड तरुण. भारत भवन १९८२ मध्ये उघडलं, तेव्हा शहरी चित्रकारांच्या बरोबरीनं आदिवासी कलावंतांची कामं समकालीन कला म्हणून लागली. तोवर त्यांची जागा मानववंशशास्त्राच्या कपाटात होती. १९८९ मध्ये जनगढची कामं पॅरिसला पोहोचली. गोंड चित्रकलेची एक अख्खी परंपरा त्या एका निर्णयातून उभी राहिली. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. तरी गोंड चित्र पाहायला आपण भोपाळला जातो.

जनगढची गोष्ट तिथं संपत नाही. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, घरापासून हजारो मैल दूर, त्यानं आपलं आयुष्य संपवलं. ती बातमी वाचल्यापासून मी मुलांना सांगत आले आहे, कलावंताला दालनात आणणं सोपं आहे. करार त्याच्या भाषेत आहे का, परतीचं तिकीट त्याच्या हातात आहे का, तो एकटा पडलाय का, हे विचारणारं कोणीतरी हवं. हे विचारणं क्युरेटरच्या कामात धरलं पाहिजे, आणि कामात धरायचं तर त्याला वेळ आणि पैसा दिला पाहिजे.

पैशाचा विषय निघाला की आपल्याकडं चेहरे उतरतात. शहरात उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि सरकारी भिंतींवर चित्रं रंगवून घेतली जातात. मी पाहिलेल्या अशा एका कामात दर चौरस फुटावर ठरला होता, रंगाचा दर्जा ठरला होता, आणि काय रंगवायचं ते ठरवायला कोणीच नव्हतं. मग तोच वाघ, तीच संत्री, तेच ‘पाणी वाचवा’. वाघावर माझा राग नाही. पण एका खांबाच्या पैशांत एखादा क्युरेटर सहा महिने वस्तीत फिरून तिथल्या मुलांबरोबर भिंत ठरवू शकला असता. अशा प्रत्येक कामात क्युरेटरचं मानधन वेगळं दाखवणं सक्तीचं करावं, जसं वास्तुविशारदाचं दाखवतात.

आणि सुरुवात अजब बंगल्यापासून करावी. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं आहे, देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक. लहानपणी आम्ही तिथं पेंढा भरलेले प्राणी आणि तलवारी पाहायला जायचो. शिलालेख आहेत, नाणी आहेत, आदिवासी जीवनाचं दालन आहे. त्याच काळातलं मुंबईचं राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय विसाव्या शतकाच्या अखेरीला दुरवस्थेत होतं. महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ते सावरलं. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. नंतर त्यांनी आजच्या चित्रकारांना बोलावलं आणि जुन्या वस्तूंना उत्तर देणारी नवी कामं जुन्या कपाटांमध्ये मांडली. क्युरेटर होण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालवला. असं इथं का होऊ नये? शासकीय चित्रकला महाविद्यालय गावात आहे, विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. एकीकडं हात आहेत, दुसरीकडं अभ्यास आहे. दोघांनी मिळून वर्षभराचा अभ्यासक्रम काढावा, आणि त्याची परीक्षा म्हणजे अजब बंगल्यातलं एक प्रदर्शन. वर्षाला दोघं-तिघं तयार झाले तरी दहा वर्षांत विदर्भ पुरा पडेल.

कोचीत बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, सुरू झालं २०१२ मध्ये. एका आवृत्तीचा क्युरेटर मुंबईचा चित्रकार जितिश कल्लाट होता, एकीचा सुदर्शन शेट्टी. तिथल्या विद्यार्थी बिएनालेसाठी २०१४ पासून तरुण क्युरेटर देशभरातल्या सरकारी कला महाविद्यालयांत फिरतात. म्हणजे वाट आहे. ती आपल्या दारावरून जाते, आणि आपण फक्त निरोप द्यायला उभे राहतो.

एक गोष्ट मात्र आधीच बांधून घ्यावी लागेल. लहान शहरात माणसं थोडी, म्हणून तोच परीक्षक, तोच शिक्षक, तोच विक्रेता आणि आता तोच क्युरेटर, असं होण्याची भीती आहे. जो माणूस चित्र निवडतो, त्याच्यावर लेख लिहितो, त्यानंच त्याच्या विक्रीत टक्का घेतला तर त्याच्या निवडीला किंमत उरत नाही. पगार हवा तो यासाठीही. फुकट काम करणाऱ्याला कुठून तरी वसूल करावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा चित्रकाराकडूनच होतं. शिवाय निवड का केली हे त्यानं लिहून द्यावं, मराठीत, माझ्या चितार ओळीतल्या बाईंना वाचून समजेल असं. भिंतीवर इंग्रजीतला जड मजकूर लावून लोकांना घाबरवणं म्हणजे दार लोटून घेणं आहे. चितारी कुटुंबातल्या त्या बाई रंगाचं, मातीचं, प्रमाणाचं जेवढं जाणतात तेवढं प्रदर्शनाला येणारे फार थोडे जाणत असतील. प्रदर्शन त्यांच्यासाठीही असलं पाहिजे.

त्यांची मुलगी यंदा पोळ्याला चार दिवसांच्या रजेवर आली होती, घरच्या मूर्तींना रंग द्यायला. दिवसा ती डोळ्यांची आखणी करायची आणि संध्याकाळी जागनाथ बुधवारीत पिवळ्या मारबतीच्या माणसांकडं जाऊन बसायची. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळणार नव्हते. मारबतीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर चालले. गर्दीत घामानं भिजलेली एक दोनशे पानी वही तिच्या हातात होती. बडग्याचं नाव, वस्ती, बांधणाऱ्यांची नावं, घोषणा, सगळं ती बॉलपेननं लिहीत होती. रात्री त्यांच्या ओट्यावर, ओल्या मूर्तींच्या मध्ये बसून, तिनं ती नावं आईला वाचून दाखवली. आईनं दोन ठिकाणी थांबवलं, ‘‘तो नाही, तो त्याचा भाऊ. बांबू तो चिरते.’’ तिनं खोडून नीट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीनं मुंबईला गेली. वही माझ्याकडं ठेवून गेली आहे. काळ्या मारबतीकडची पानं अजून कोरी आहेत.